गोळी देणाऱ्याने एक प्रश्न विचारावा

माझ्या आईच्या उशाशी एक शंभर पानी वही असते. तिच्यात तारीख, गोळीचे मिलिग्रॅम आणि एक आकडा एवढेच लिहिलेले असते. अक्षर माझे आहे, कारण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील मार्केट यार्डात हमाली करतात आणि आई सहीपुरती शिकली. कला शाखेच्या मुलीने औषधांवर का लिहावे, असे प्राध्यापक मंडळींना वाटेल. पण ज्या गोष्टीने घरची झोप उडविली, ती कोणत्या शाखेत मोडते हे पाहण्यास मला सवड मिळाली नाही.

आईला लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता. त्यावर वेळीच उपचार झाले नाहीत आणि हृदयाची एक झडप अरुंद झाली. पुढे ठोके अनियमित पडू लागले. वैद्यकात याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. तेथे रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली की पक्षाघात! म्हणून डॉक्टरांनी वॉरफरिन सुरू केले. लोक तिला 'रक्त पातळ करणारी गोळी' म्हणतात.

या गोळीची जन्मकथा मोठी विलक्षण आहे. १९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेत एका जातीचा सडलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागचे द्रव्य शोधून काढले. त्याच कुळातले वॉरफरिन १९४८ साली उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ साली माणसाचे औषध झाले. विष आणि औषध यांत अंतर आहे ते केवळ मात्रेचे. तो हिशेब आय. एन. आर. नावाच्या रक्ततपासणीने ठेवतात. निरोगी माणसात हा आकडा १ च्या आसपास असतो, आईसारख्या रोग्यात तो २ ते ३ च्या दरम्यान लागतो. खाली गेला तर गुठळीचे भय, फार वर गेला तर रक्तस्रावाचे.

गेल्या पावसाळ्यात आईला जुलाब लागले. वडिलांनी मेडिकलमधून चिठ्ठीशिवायच मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणल्या. पाचव्या दिवशी मिश्री लावताना तिच्या हिरड्यांतून रक्त थांबेना. दंडावर काळेनिळे डाग उठले होते. एस. टी.ने जिल्ह्याच्या गावी नेले, तेव्हा आकडा ८ च्या वर होता. के जीवनसत्त्व दिले, दोन रात्री ठेवून घेतले, आई वाचली. या गोळीमुळे वॉरफरिनचा जोर वाढतो, हे मला तेथे कळले. मेडिकलवाले काका वाईट नाहीत. "घरात आणखी कुठली गोळी चालू आहे का?" एवढे मात्र त्यांनी विचारले नाही, आणि सांगावे हे वडिलांना माहीत नव्हते.

मित्रहो, माझे म्हणणे या एका प्रश्नाभोवती आहे. मोठे डॉक्टर आम्हांला दीड-दोन महिन्यांतून एकदा भेटतात आणि तेही चार मिनिटे. औषधाचे दुकान मात्र गावच्या चौकात आहे. मग आकडा पाहणे, इतर औषधे विचारणे, पालेभाजी बंद न करता ती दर आठवड्याला सारखीच खा असे सांगणे, हे काम फार्मासिस्टकडे का असू नये? ब्रिटन-अमेरिकेत फार्मासिस्ट चालवितात अशी केंद्रे आहेत. बोटातून थेंबभर रक्त घेऊन काही मिनिटांत आकडा काढतात आणि ठरलेल्या मर्यादेत मात्रा कमीजास्त करतात. आपल्याकडेही १९४८ चा फार्मसी कायदा आहे, २००८ पासून सहा वर्षांचा फार्म. डी. अभ्यासक्रम आहे, आणि रोग्याला औषधाची माहिती देणे २०१५ च्या नियमांत लिहिलेले आहे. म्हणजे कागदाची उणीव नाही.

यावर आक्षेप येतील. प्रमाणपत्र भिंतीवर एकाचे आणि गल्ल्यावर दुसराच, हे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. म्हणून आरंभ सरकारी रुग्णालयातून व्हावा, जेथे फार्मासिस्ट पगारावर आहे आणि डॉक्टर शेजारच्या खोलीत. मात्रा ठरविणे हा आमचा अधिकार, असे डॉक्टर म्हणतील. खुशाल त्यांनी मर्यादा आखून द्याव्यात. आकडा त्याबाहेर गेला की रोग्याने त्यांच्याकडेच जावे. तिसरा आक्षेप असा की, आता तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या निघाल्या आहेत. अनेकांना त्या उपयोगी आहेत हे खरे. परंतु सांध्यांच्या तापाने झडप बिघडलेल्यांवर आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेत जो अभ्यास झाला आणि २०२२ साली प्रसिद्ध झाला, त्यात रिव्हारोक्सॅबन या नव्या गोळीपेक्षा जुन्या पद्धतीचेच औषध सरस ठरले. हा ताप दाटीवाटीच्या, गरीब घरांतला रोग आहे. म्हणजे ज्यांना वारंवार तपासणीला जाणे सर्वांत कठीण, त्यांनाच ती तपासणी अटळ! आणि नवी गोळी घेणाऱ्यालाही 'चुकली तर नाही ना?' असे कोणीतरी विचारावेच लागते.

सरकार करील तेव्हा करो. आईच्या औषधाच्या पिशवीला मी एक जाड कार्ड शिवले आहे. त्यावर ठळक अक्षरांत गोळीचे नाव आणि 'दुसरे औषध देण्यापूर्वी विचारा' असे लिहिले आहे. काका आता आधी ते वाचतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या यंदाच्या शिबिरात रस्ता दुरुस्त करतानाच, रोजच्या गोळ्या चालू असलेल्या घरी आपण अशी कार्डे लिहून दिली तर? त्यासाठी लागते ते फक्त अक्षर, आणि ते आपल्यापाशी आहे.

या आठवड्याचा आईचा आकडा २.४ आहे. तो वहीत मी लिहिला. मी परीक्षेला शहरात असेन तेव्हा तो वाचणारे, आणि वाचून एक प्रश्न विचारणारे माणूस गावच्या चौकात असावे, एवढीच माझी मागणी आहे.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला