मासा कुणी वाचवला?

आमच्या घरात सिनेमा संपला की खरा खेळ सुरू होतो. गेल्या रविवारी दादा आणि वहिनी साताऱ्याहून आले होते. सोमवारी दादाचा गुडघा दाखवायचा होता. जेवणं लवकर आटोपली आणि लेकीने ‘डार्क सिटी’ लावला. ॲलेक्स प्रोयासचा, १९९८ चा. ‘काहीतरी हलकंफुलकं लाव गं’ ही वहिनींची विनंती हवेतच विरली.

गोष्ट अशी. हॉटेलातल्या बाथटबमध्ये एक माणूस जागा होतो. स्वतःचं नावही आठवत नाही आणि खोलीत एका बाईचं प्रेत पडलेलं. हा जॉन मर्डॉक. शहरात कायमची रात्र. बारा वाजले की अख्खं शहर, गाडी चालवणाऱ्यांसकट, जागच्या जागी झोपतं आणि काळ्या कोटांतले, पांढऱ्याफटक चेहऱ्यांचे परके कामाला लागतात. इमारती जमिनीतून उगवतात. झोपलेल्यांच्या कपाळात सुई खुपसून नव्या आठवणी भरल्या जातात. एक साधंसुधं जोडपं जेवायला बसलेलं असतं. त्यांच्यामधलं टेबल लांबत जातं, भिंती मागे सरकतात, दोन खोल्यांचा वाडा होतो. जाग आल्यावर दोघं अशी बोलतात, की सात पिढ्यांची श्रीमंती असावी. परक्यांना शोधायचं असतं एवढंच: आठवणी बदलल्या तर माणूस बदलतो का?

लेकीचं पहिलं भांडण स्टुडिओशी. ‘सुरुवातीलाच तो डॉक्टर सगळं फोडून टाकतो! मग मर्डॉकबरोबर आपण चाचपडायचं कधी?’ तिचं बरोबर होतं. प्रेक्षकांना कळणार नाही, या धास्तीने स्टुडिओने डॉक्टरच्या तोंडचं ते निवेदन घालायला लावलं होतं. २००८ मध्ये प्रोयासने स्वतःची आवृत्ती आणली, तेव्हा पहिल्यांदा ते काढलं. आम्ही नेमकी जुनी बघितली.

वहिनींची शंका रोकडी. ‘महिनोन्‌महिने उजाडत नाही, हे एकालाही खटकत नाही?’

‘ज्याला खटकलं तो भिंतीवर गोल गोल चक्रं काढत बसलाय की. त्याला सगळे वेडा म्हणतात,’ दादा म्हणाला. त्याची तक्रार शेवटाबद्दल. दीड तास डोकं चालवणारा सिनेमा अखेरीस कपाळातून लाटा सोडून मारामारी का करतो?

ही मतं काही आमच्याच घरची नव्हेत. समीक्षक रॉजर ईबर्टने ‘डार्क सिटी’ला १९९८ चा सर्वोत्तम सिनेमा ठरवलं, तर प्रेक्षकांनी पाठ फिरवली. सुमारे पावणेतीन कोटी डॉलर खर्चून केलेल्या सिनेमाने अमेरिकेत त्याच्या निम्मेच कमावले. पुढच्या वर्षी आलेल्या ‘मेट्रिक्स’ने सिडनीतले याचे काही सेट वापरले आणि गर्दी तिकडे लोटली.

मला मात्र टॅक्सीवाला आवडतो. मर्डॉकला शेल बीचला जायचं असतं. शहरात प्रत्येकाला ते ठाऊक. टॅक्सीवाला म्हणतो, आमचा हनिमूनच तिथे झाला. मग रस्ता सांगायला लागतो आणि अडखळतो. कुठून जायचं तेच आठवत नाही.

इथे मी तोंड उघडलं आणि फसलो. म्हटलं, शेल बीच आठवावं तसं मला पंढरपूर आठवतं. पाच वर्षांचा असेन, आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात आईचा हात सुटला. एका बांगड्यावाल्याने मला दुकानापाशी बसवून ओंजळभर चुरमुरे दिले. त्यांची चव अजून जिभेवर आहे.

दादा बडीशेप चघळत होता. ‘बांगड्या नव्हत्या, कुंकू-बुक्क्याचं दुकान होतं. आणि हरवलो मी होतो. तू तेव्हा आईच्या पोटात होतास.’

वहिनींनी मान डोलावली. त्यांनी ही गोष्ट सासूच्या तोंडून ऐकली होती, दादाच्या नावाने.

सुई न टोचताही हे जमतं. १९९५ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी २४ जणांवर प्रयोग केला. लहानपणी तुम्ही बाजारसंकुलात हरवला होतात, अशी खोटी घटना घरच्यांकडून मिळालेल्या खऱ्या घटनांत मिसळून दिली. साधारण चौथ्या हिश्शाच्या लोकांना ती पूर्ण किंवा अर्धवट ‘आठवली’. आमच्याकडे हा प्रयोग आईने सहज केला, दर आषाढीला तीच गोष्ट सांगून.

‘मग बाबा, तुझ्यात तुझं असं काय उरलं?’ लेकीने विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. ‘मासा बघितलास ना?’

आम्ही तिघांनी तो बघून सोडून दिला होता. मर्डॉक उठतो तेव्हा त्याच्या धक्क्याने काचेचं भांडं फुटतं, त्यातला मासा फरशीवर तडफडायला लागतो. ज्याला स्वतःचं नाव माहीत नाही तो त्याला उचलून टबच्या पाण्यात सोडतो. पुढे इन्स्पेक्टर बमस्टेडलाही तेच कोडं पडतं: खुनी माणूस मासा वाचवायला थांबेल का? शेवटी मर्डॉक परक्यांना सांगतो, की माणूस शोधायला तुम्ही डोक्यात गेलात तिथेच चुकलात. ‘त्याचा पुरावा पहिल्या पाच मिनिटांत दिलाय,’ लेक म्हणाली.

दादा बँकेतून निवृत्त झालेला, हिशेब पुरा झाल्याशिवाय उठत नाही. ‘मासा आठवणीशिवाय वाचला, मान्य. पण मर्डॉकची बायको, ती एमा? त्यांचं लग्न म्हणजे सुईने भरलेली आठवण, हे कळूनही ती म्हणते माझं प्रेम खोटं नाही. ते कुठल्या खात्यात जमा धरायचं?’

लेकीला उत्तर सुचलं नाही. मलाही. वहिनींनी दिवा मालवला.

सोमवारी दवाखान्यात ही गर्दी. केसपेपरच्या रांगेतून वाट काढत आम्ही निघालो आणि माझ्या सवयीने मी दादाचं मनगट धरलं. गर्दी दिसली की सोबतच्याचा हात धरायचा, हे मी आयुष्यभर करत आलोय. बायको हसते, लेक वैतागते. विचारलं की मी पंढरपूर सांगतो.

‘सोड रे,’ दादा म्हणाला, ‘मी एकदाच हरवलो होतो.’