हबशांचं शहर पाहायचं राहून गेलं

माझा एक मामेभाऊ नुकताच उमरा करून आला. तिकीट स्वस्त पडलं म्हणून अदिस अबाबामार्गे गेला होता. परतताना तिथं जवळजवळ पूर्ण दिवस थांबावं लागलं, शहरात हॉटेलही मिळालं. भेटायला गेलो तेव्हा त्यानं जमजम दिलं, हातावर खजूर ठेवले. मी विचारलं, "इथिओपियाच्या राजधानीत दिवसभर होतास, काय काय पाहिलंस?"

"क्या देखने का भाई, हबशियों का शहर है वो."

दिवसभर तो दाराला कडी लावून झोपला होता. बसलेले सगळे हसले. मीही हसलो. घरी येताना त्या हसण्याची लाज वाटली, म्हणून हे लिहितो आहे.

मक्का जिंकल्यावर काबागृहावर चढून अजान दिली ती हजरत बिलाल (रजि.) यांनी. आपण त्यांचं नाव अदबीनं घेतो, हजरत बिलाल हबशी. आणि तोच शब्द सावळ्या पोराला चिडवायला वापरतो. माझ्या वर्गात एका मुलाला पोरं 'हबशी' म्हणायची. तो फळ्यापाशी यायचं टाळू लागला. मी पोरांना रागावलो, ती गप्प झाली. पण हा शब्द ती शाळेत शिकली नव्हती, घरून घेऊन आली होती.

भाऊ खोलीबाहेर पडला असता तर काय दिसलं असतं? तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात 'लुसी' आहे. सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीच्या मानवपूर्वजाचा हा सांगाडा १९७४ मध्ये इथिओपियातल्या हदार इथं सापडला. तिथले लोक तिला 'दिंकनेश' म्हणतात, म्हणजे 'तू अद्भुत आहेस'. ज्यांच्या रंगाला आपण हसतो त्यांच्याच मातीत माणसाच्या वंशाचा इतका जुना पुरावा आहे. पुढं सेंट जॉर्ज चर्च आहे. १८९६ मध्ये अडवाच्या लढाईत इथिओपियानं इटलीच्या फौजेला हरवलं, त्या विजयाची ती आठवण. आपल्यावर इंग्रजांचं राज्य होतं त्या काळात या लोकांनी युरोपच्या एका सत्तेला धूळ चारली होती. आणि मर्काटो हा आफ्रिकेतल्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एक. कॉफी, मसाले, कापड, भांडी, सगळं तिथं मिळतं. बाजारातच मोठी अन्वर मशीद आहे. जोहरची नमाज तरी तिथं झाली असती.

कुणी म्हणेल, उमऱ्याहून येणाऱ्यानं चर्च कशाला पाहायचं? त्यांनी सीरत पुन्हा वाचावी. इ. स. ६१५ च्या सुमारास मक्केत छळ असह्य झाला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या साथीदारांना हबशालाच जायला सांगितलं, कारण तिथल्या राजाच्या राज्यात कुणावर जुलूम होत नव्हता. तो राजा नजाशी तेव्हा ख्रिस्ती होता. कुरैशांची माणसं नजराणे घेऊन मागोमाग गेली आणि या लोकांना आमच्या ताब्यात द्या म्हणाली. हजरत जाफर (रजि.) यांनी दरबारात सूरह मरियम वाचून दाखवली. नजाशीनं नजराणे परत केले, मुसलमानांना आसरा दिला. तेव्हाची राजधानी अक्सुम उत्तरेला होती, अदिस अबाबा फार पुढचं. पण देश तोच. मुसलमानांना पहिला आसरा मिळाला तो हबशात, याची आठवण त्या चर्चच्या दारात उभं राहूनही व्हायला हरकत नव्हती.

आपल्या मराठवाड्यावर तर हबशाचं आणखी एक ऋण आहे. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. गनिमी काव्यानं त्यानं मुघलांना जेरीस आणलं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवायची त्याची पद्धत नावाजली गेली. १६१० मध्ये त्यानं खडकी इथं राजधानीचं शहर वसवलं, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. भडकल दरवाजा त्याचाच, शहराला पाणी देणारी नहर-ए-अंबरीही त्याचीच. आमच्या चकलांब्याची माणसं दवाखान्याला, कोर्टाला, लग्नाच्या खरेदीला याच शहरात जातात. एका हबशानं वसवलेल्या गावात जाऊन आपण 'हबशी' ही शिवी देतो.

अदिस अबाबाला जाणं प्रत्येकाच्या नशिबात नाही. पण खुलताबादला एस.टी. जाते. शाळेच्या सहली वेरूळ आणि बीबी का मकबरा पाहून परततात. वेरूळहून अगदी जवळ असलेली मलिक अंबरची कबर त्यात धरायला अर्धा तास पुरे. शिक्षकांनी तो अर्धा तास काढावा.

आणि घरातल्या मोठ्यांनी, आम्हा मुसलमानांनी आधी, मुलासाठी स्थळ बघताना "लडकी गोरी है ना?" हा पहिला प्रश्न विचारणं सोडावं. अरबाला अरबेतरावर, गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, ही शिकवण आपण जलशात ऐकतो आणि मुलगी पाहायला जाताना घरी ठेवून जातो. भावाचा एक दिवस वाया गेला, त्याचं एवढं काही नाही. पण वर्गातलं ते पोर अजून मागच्याच बाकावर बसतं.