उडण्याआधीचा हिशेब



राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी म्हणजे एनडीए. तिचे दार मुलींसाठी किलकिले झाले ते कोर्टाने ढकलले म्हणून. सर्वोच्च न्यायालयाचा अंतरिम आदेश १८ ऑगस्ट २०२१ चा. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुली परीक्षेला बसल्या, २०२२ साली पहिली तुकडी खडकवासल्याला दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये १७ मुली तिथले शिक्षण पुरे करून बाहेर पडल्या. फोटो छापून आले, आपल्यापैकी अनेकींनी ते कात्रण करून फलकावर लावले. ते लावलेच पाहिजे होते. पण त्यानंतर आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांतून एक प्रश्न वारंवार येऊ लागला आहे, आणि त्याचे उत्तर टाळ्या वाजवून देता येत नाही. प्रश्न असा : विमान पडले तर?

गेल्या वर्षी उमरगा तालुक्यातल्या एका गावात बैठकीनंतर एका मुलीचे वडील थांबले. मुलगी बारावी विज्ञानाला, गणित चांगले. तिला हवाई दलात पायलट व्हायचे आहे. वडील म्हणाले, "ताई, पोरीची जात. इमान पडलं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघायचं?" मी त्यांना हसले नाही, कारण बापाची काळजी खोटी नव्हती. पण त्याच घरातला मुलगा पहाटे साडेचारला डांबरी रस्त्यावर पळतो, सैन्यभरतीसाठी. गोळी लागली तर, हे त्याला कोणी विचारलेले नाही. आणि थोरल्या मुलीचे लग्न सतराव्या वर्षी झाले, पहिल्या बाळंतपणात रक्तस्राव झाला, रात्रीतून सोलापूरला न्यावे लागले. त्या लग्नाआधी कोणी धोक्याचा हिशेब मांडला होता? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. हा धोका रोजचा, म्हणून तो धोका वाटत नाही. विमानाचा धोका नवा, म्हणून तो डोळ्यांत भरतो.

एवढे सांगून थांबता आले असते. बापाला गप्प करायला हा युक्तिवाद पुरेसा आहे. पण मुलीला तो पुरत नाही. मी तिच्याशी वेगळी बोलले तेव्हा ती म्हणाली, "ताई, पडायची भीती मलापण वाटते. पण मला विचारतंय कोण? पप्पा नाही म्हणतात आणि मॅडम लोक जा म्हणतात." तिच्या त्या 'मॅडम लोकां'त मी आणि तुम्हीही आलो.

तेव्हा आधी धोका किती आणि कसा, ते सरळ पाहू या.

सैनिकी विमान चालवणे हे धोक्याचे काम आहे. वेगाने वळताना शरीरावर वजनाच्या कित्येक पट दाब येतो, डोक्यातले रक्त पायांकडे उतरते, पायलट बेशुद्ध होऊ शकतो. त्यासाठी खास पोशाख आणि श्वासाचे तंत्र शिकवतात. विमानातून बाहेर फेकणारे आसन जीव वाचवते, पण त्या धक्क्याने मणक्याला इजा होऊ शकते. संसदेत मे २०१२ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी दिलेली माहिती अशी की रशियाकडून घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमानांना १९७१ पासून अपघात झाले आणि त्यांत १७१ पायलट गेले. जमिनीवरची ३९ साधी माणसेही गेली. मिग-२१ हे विमान हवाई दलात १९६३ साली आले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झाले. म्हणून धोका संपला असेही नाही. २१ नोव्हेंबर २०२५ ला दुबईच्या प्रदर्शनात आपले नवे तेजस पडले आणि विंग कमांडर नमांश स्याल यांचा मृत्यू झाला.

पण हे आकडे नुसते घाबरायला वापरायचे नसतात. त्यांना उलटून विचारायचे असते, की यातला आभाळाचा धोका किती आणि माणसांनी घातलेला किती. हे विचारायला आपल्याला मुंबईच्या कविता गाडगीळ या आईने शिकवले. त्यांचा मुलगा फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानात सुरतगडजवळ रात्रीच्या उड्डाणात मिग-२१ सह कोसळून गेला. दोष पायलटवर आला, त्याला दिशाभ्रम झाला म्हणून. आईने ते मानले नाही. जुनी विमाने, अपुरे प्रशिक्षण, तरुण मुलांना कशाच्या जोरावर वर पाठवता, असे प्रश्न तिने वर्षानुवर्षे जाहीरपणे विचारले आणि मुलाच्या नावाने विमान सुरक्षेसाठी काम उभे केले. शहिदाची आई म्हणून हारतुरे घेऊन गप्प बसणे सोपे होते. तिने तसे केले नाही. मला ही गोष्ट स्त्रियांच्या चळवळीचीच वाटते, कोणी ती तशी मोजो वा न मोजो.

तिच्या प्रश्नामागे एक जुना विलंब होता. शिकाऊ पायलटला साध्या विमानावरून थेट मिगवर बसवण्याऐवजी मधली पायरी म्हणून प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवे, ही शिफारस १९८० च्या दशकातली. हॉक विमानांचा करार झाला मार्च २००४ मध्ये आणि ती हवाई दलात आली फेब्रुवारी २००८ मध्ये. वीस वर्षांहून जास्त काळ ही फाइल फिरत होती आणि पोरे तशीच उडत होती. ही हॉक विमाने कुठे आली? बिदरला. म्हणजे आमच्या उमरग्याच्या शेजारी, सीमेपलीकडे. त्या मुलीच्या शेतावरून कधीमधी जो आवाज जातो तो तिथला, असे गावातली पोरे सांगतात. २०१६ साली लढाऊ विभागात आलेल्या पहिल्या तिघी, अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग, याच बिदरला हॉकवर शिकल्या. आणि अवनीने फेब्रुवारी २०१८ मध्ये जामनगरहून एकटीने उडवलेले पहिले लढाऊ विमान मिग-२१ होते. मधली पायरी मिळाल्यावर.

बायकांच्या बाबतीत 'धोका' हा शब्द आणखी एका कामाला लावला जातो, दार बंद करायला. हवाई दलात स्त्री पायलटांची पहिली तुकडी १९९४ ची. तेव्हा त्यांना मालवाहू विमाने आणि हेलिकॉप्टर दिली, लढाऊ नाहीत. कारण सांगितले जाई, शत्रूच्या हाती लागली तर? मार्च २०१४ मध्ये तत्कालीन हवाई दल प्रमुख अरूप राहा म्हणाले की दीर्घकाळ लढाऊ विमान चालवायला स्त्रिया शरीराने योग्य नाहीत, विशेषतः गरोदर असताना किंवा तब्येतीच्या इतर तक्रारी असताना. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्यांनीच लढाऊ विभाग स्त्रियांना खुला करण्याचा विचार जाहीर केला. मधल्या दीड वर्षात बायकांची शरीरे काही बदलली नव्हती. पुढे त्या तिघींना सुरुवातीची चार वर्षे आईपण लांबवण्याचा सल्ला दिला गेला. प्रशिक्षणात खंड नको हे समजू शकते. पण वडील होण्याबद्दल मुलांना असा सल्ला दिल्याचे मी तरी वाचलेले नाही.

खरा शारीरिक प्रश्न वेगळाच आहे आणि तो यंत्राचा आहे. कॉकपिट पुरुषांच्या मापाने बेतलेली असतात. अमेरिकेच्या हवाई दलाने २०२० मध्ये आपले नियम बदलले, कारण तोवरची मापे १९६७ साली पुरुष पायलटांची घेतलेली होती. पट्टा, आसन, पायाखालचे पेडल मापाचे नसेल तर धोका वाढतो. तो बाईमुळे वाढतो की शिंप्यामुळे?

आणि स्त्रिया गेल्या आहेत, हेही लपवायला नको. वैमानिक प्रशिक्षणात एकटीने उड्डाण करणारी हवाई दलातली पहिली स्त्री हरिता कौर देओल. २ सप्टेंबर १९९४ चे ते उड्डाण, आणि २४ डिसेंबर १९९६ ला नेल्लोरजवळच्या अपघातात सहकाऱ्यांसह तिचा मृत्यू. मार्च २०१५ मध्ये गोव्याच्या समुद्रात नौदलाचे डॉर्निअर कोसळले, त्यात लेफ्टनंट किरण शेखावत गेल्या. त्या विमानात त्या पायलट नव्हत्या, निरीक्षक अधिकारी होत्या. या दोघींची नावे मुलींना सांगायची की नाही, यावर आमच्या गटात वाद झाला. मी सांगते. ज्या मुलीला हे ऐकूनही फॉर्म भरावासा वाटतो तिचा निर्णय पक्का असतो, आणि जिला नको वाटते तिलाही लाज वाटायचे कारण नाही.

एका धोक्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही, आणि मला तो गरीब घरच्या मुलीसाठी सर्वांत मोठा वाटतो. तो विमानाचा नाही, त्याआधीचा आहे. प्रबोधिनीत, अकादमीत प्रशिक्षण चालू असताना जो कॅडेट जायबंदी होतो आणि वैद्यकीय कारणाने घरी पाठवला जातो, त्याला माजी सैनिकाचा दर्जा मिळत आलेला नाही. १९८५ पासून असे सुमारे ५०० कॅडेट आहेत. अपंगत्वाच्या प्रमाणात सानुग्रह रक्कम मिळते, तीही अशा तरुणाच्या औषधपाण्याला किती पुरणार! ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हा विषय हाती घेतला, आणि त्याच महिन्यात माजी सैनिकांची आरोग्य योजना त्यांना लागू करण्याचा निर्णय झाला. दर्जाचा आणि पेन्शनचा प्रश्न लढण्यासारखा आहे. या ५०० मध्ये उद्या आपल्या मुलीही असतील.

निवडीच्या मुलाखतीला जाण्याआधीच पालकांकडून एक प्रमाणपत्र घेतात : चाचण्यांत इजा झाली तर सरकारकडे भरपाई मागणार नाही. आमच्याकडे बाप न वाचता सही करतो, किंवा वाचल्यावर घाबरून फाडून टाकतो. गटातल्या कार्यकर्तीने हा कागद घरात सर्वांसमोर मोठ्याने वाचावा, मुलीलाही समोर बसवून. पायलटच्या चाचणीला आयुष्यात एकदाच बसता येते, ती नापास झाली तर हवाई दलात उडण्याचा तो रस्ता बंद, हेही आधी सांगावे. हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. आमच्या मुली गणित सोडतात, मग कळते. रक्त आणि डोळे आधी तपासून घ्यावेत. फिकट पडलेली मुलगी जी कोरड्या भाकरीवर अभ्यास करते, तिला मैदानावर पळायला सांगण्याआधी तिच्या ताटात काय आहे ते पाहावे लागते.

चळवळीतल्या काही मैत्रिणी विचारतील, युद्धाच्या यंत्रणेत मुली पाठवून कसली मुक्ती? प्रश्न रास्त आहे. माझेही त्यावर मन पूर्ण स्वस्थ नाही. पण तो प्रश्न पहाटे पळणाऱ्या भावालाही विचारायचा असेल तरच तो बहिणीला विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

समाजकार्याच्या वर्गात आम्हाला शिकवले होते की निर्णय ज्याचा, माहिती त्याच्या हाती हवी. वर्गात ते सोपे वाटले होते. गावात माहिती बापाच्या हाती जाते, किंवा क्लासवाल्यांच्या. राज्य सरकारची मुलांना एनडीएसाठी तयार करणारी संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे. मुलींसाठी तशी संस्था नाशिकला निघाली ती २०२३ मध्ये. मधली ४६ वर्षे कोणी मोजली नाहीत, आणि ही संस्था आहे एवढेसुद्धा भूम-परंड्याच्या शाळांत माहीत नाही.

तुमच्या भागात मुलगी लष्करात, नौदलात वा हवाई दलात जाऊ पाहत असेल, किंवा प्रशिक्षणातून जायबंदी होऊन कोणी परत आले असेल, तर सविस्तर लिहा. नावे छापणार नाही. पुढच्या अंकासाठी आम्ही पालकांच्या त्या प्रमाणपत्राचा सोप्या मराठीत मसुदा तयार करतो आहोत, त्याला तुमच्या सूचना हव्या आहेत.