पट्टा लांब हवा, दात मध्यम

ऑक्टोबर लागला की वर्धा जिल्ह्यात सोयाबीनची घाई सुरू होते. शेंगा वाळलेल्या, मजूर मिळत नाहीत, परतीचा पाऊस डोक्यावर. कापणी लांबली तर शेंगा तडकून दाणे वावरातच गळतात. अशा वेळी हार्वेस्टरवाल्याला आपण एकच विचारतो, एकरी किती? ओल्या वर्षी त्याआधी दुसरं विचारायला हवं. यंत्र टायरचं की चेनचं? चेनचं असेल तर त्याचा रबरी पट्टा किती लांब आणि त्यावरचे दात किती उंच?

हिशेब साधा आहे. 14 फुटी कटरचं टायरवालं यंत्र सात-आठ टनांच्या घरात जातं. टायर जमिनीला साधारण आतल्या हवेइतकाच दाब देतं. हवा दोन किलो असेल, तर दर चौरस सेंटिमीटरवर जवळपास दोन किलो भार. आता तीन टनांचं पट्ट्यावरचं यंत्र घ्या. प्रत्येक पट्टा 45 सेंटिमीटर रुंद आणि जमिनीला 160 सेंटिमीटर टेकलेला, असं धरलं तर तोच भार सरासरी दोनशे ग्रॅमवर येतो. रोलरखाली तो वाढतो आणि टाकी दाण्याने भरली की आणखी वाढतो. तरीही फरक मोठाच राहतो. पट्टा जितका लांब, तितकं यंत्र कमी रुततं.

दातांचं गणित वेगळं. परदेशात डोंगरातल्या भुसभुशीत बर्फासाठी स्नोमोबाईल, म्हणजे पट्ट्यावर चालणारी बर्फगाडी, घेणारे 154 ते 165 इंचांचा पट्टा आणि अडीच-तीन इंचांचे दात निवडतात. लांबी गाडीला बर्फावर तरंगवते, दात बर्फ मागे लोटून तिला पुढे ढकलतात. दात उंच झाले की इंजिनची ताकद जास्त लागते, पट्टा लांबला की गाडी वळायला जड जाते. म्हणून घट्ट वाटेवर चालवणारे आखूड पट्टा आणि बुटके दात घेतात. यातला लांबीचा नियम आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडतो, दातांचा मात्र नाही. बर्फ दातांतून गळून पडतो. आपली काळी माती ओली झाली की चिकटते. धुऱ्यावर दोन वळणं झाली की दातांमधल्या फटी गाळाने भरतात आणि पट्टा लाटण्यासारखा गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरतो. मग उंच दातांचा उपयोग एकच, वळताना वावर उकरणं.

चेनची हार्वेस्टर यंत्रं मुळात भाताच्या चिखलासाठी घडली. भंडारा-गोंदियाच्या बांधीत खोल दात खालच्या घट्ट थरापर्यंत पोचून पकड घेतात. सेलू-देवळीच्या भारी जमिनीत असा थर हाताशी नसतो, चिकण माती खोलवर जाते. म्हणून आपल्याकडे लांबीला मान द्यावा, दातांना नाही. दात मध्यम आणि त्यांच्यातली फट रुंद असली, की माती आपोआप झडते.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, भेगांमुळे दबलेला थर पुन्हा मोकळा होतो, मग एवढी चिंता कशाला, असं कोणी म्हणेल. वरच्या थरापुरतं ते खरं आहे. पण भेगा पडतात एप्रिल-मे महिन्यांत, आणि हरभरा पेरतो आपण सोयाबीन निघाल्याबरोबर. चाकोरीत दबलेल्या मातीत त्याचं मूळ खाली जात नाही, पाणी साचलं तर मर लागते. जमीन स्वतःला सावरेल तोवर रब्बीचं पीक हातचं गेलेलं असतं. शिवाय खोलवरचा दाब यंत्राच्या एकूण वजनावर ठरतो. जड यंत्राला नुसता रुंद टायर लावून तो टळत नाही.

चेनचं यंत्र म्हणजे ओल्या वावरात घुसायचा परवाना नव्हे. वाफसा आधी पाहा. वीतभर खोलीवरची मूठभर माती दाबा. लाडू होऊन तो बोटाने फुटला तर यंत्र घाला. बोटाला चिकटून लांब वळी निघाली तर थांबा. ड्रायव्हरला सांगा, जागच्या जागी वळू नको, कापलेल्या पट्टीवर मोठा वळसा घे, टाकी धुऱ्याशीच रिकामी कर.

अडचण पैशाची आहे, ती झाकून चालणार नाही. पट्ट्याचं यंत्र डांबरी रस्त्यावर चालवलं तर रबर झिजतं, म्हणून ते ट्रकवर चढवून आणावं लागतं. तीन एकरांसाठी कोणी एवढा खर्च करणार नाही. तेव्हा एका पांदणीवरच्या पाच-सहा वावरांनी मिळून आत्ताच सौदा करावा, आणि एकरी भावाबरोबर पट्ट्याची लांबी, दातांची उंची आणि यंत्राचं वजन विचारून घ्यावं. कापणीत वाचलेले पाचशे रुपये हरभऱ्यात दामदुपटीने जाणार असतील, तर तो सौदा स्वस्त नव्हे.