पद नेमके कशावर टिकते?

१/ निकाल काहीही लागोत, सहायक प्रशिक्षक गलेलठ्ठ मानधनावर कायम राहतो, तेव्हा चाहते संतापतात. मुंबईच्या मैदानांना हा संताप नवा नाही.

२/ १९११च्या इंग्लंड दौऱ्यात पालवणकर बाळू यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. जात आडवी आली.

३/ १९२०मध्ये बाळूंना वगळले गेले आणि कर्णधारपदासाठी विठ्ठल यांनाही डावलले गेले. विठ्ठल आणि शिवराम या बंधूंनी निषेध म्हणून संघ सोडला. १९२३मध्ये अखेर विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघ चौरंगी स्पर्धा जिंकला.

४/ अपात्राला सांभाळणे आणि पात्राला डावलणे, दोन्हींचे मूळ एकच: निकष उघड न करणारी निवड. म्हणून जाब पगार घेणाऱ्याला नव्हे, निवडणाऱ्याला विचारावा.