अर्ध्या चढणीवरून परत

बर्फाच्या देशांत हिवाळा लागला की माणसे पायांस रुंद, जाळीदार चौकटी बांधतात, जवळच्याच एखाद्या अप्रसिद्ध डोंगरावर चढतात आणि सांजावण्यापूर्वी घरी परततात. त्या चौकटींमुळे अंगाचा भार पसरतो व पाय भुसभुशीत बर्फात रुतत नाही. आमच्या भंडारा जिल्ह्यात बर्फ कोठले? परंतु डोंगर चढण्याचा ऋतू मात्र आमचाही हिवाळाच. वैशाखातले ऊन माणसास सावलीतून हलू देत नाही आणि श्रावणात धानाच्या बांध्यांतील चिखल पाय धरून ठेवतो. मार्गशीर्ष ते माघ, एवढेच काय ते दिवस पायी भटकण्याचे. ते आमच्या मुलांनी कोठे घालवावे, याविषयी चार शब्द पालकांपुढे ठेवावेत असे आम्हांस वाटते.

सहल म्हटली की पालकांच्या डोळ्यांपुढे पचमढी नाहीतर चिखलदरा उभा राहतो. ती स्थळे रम्य आहेत, यात वाद नाही. परंतु मूल तेथे गाडीत बसून जाते, गाडीतून उतरून पाहते आणि पुन्हा गाडीत झोपी जाते. इकडे तुमसरपासून सुमारे 13 किलोमीटरांवर, सातपुड्याच्या कुशीत, अंबागडचा किल्ला उभा आहे. देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद शहा याचा सुभेदार राजाखान पठाण याने तो 1700 च्या सुमारास बांधिला. तो कोणी पाहिला आहे असे आम्ही वर्गात विचारले, तेव्हा बोटांवर मोजण्याइतकेच हात वर झाले. पचमढी पाहिलेले हात त्याहून अधिक होते!

म्हणून आम्ही मुलांस घेऊन अंबागडास निघालो. वाटेवर कापणी झालेल्या बांध्यांत लाखोळीची निळी फुले डोकावत होती. पुढे साग, ऐन, मोह, तेंदू यांचे रान लागले. निघण्यापूर्वीच आम्ही एक नियम सांगून ठेविला होता: एक वाजला की, जेथे असू तेथून, मागे फिरावयाचे. त्या दिवसांत सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, आणि अस्वलांच्या रानात अंधारात मुलांस चालविणे शहाणपणाचे नव्हे.

आता आमची चूक सांगतो. फराळास उशीर झाला तो आमच्या ढिलाईने. त्यात एका मुलाचे नवे जोडे चावले. टाच सोलली, तरी बिचारा बोलेना. पाण्याच्या बाटल्या निम्म्या वाटेतच रित्या होत आल्या. एक वाजला तेव्हा वरचा तट झाडांतून दिसत होता. "सर, आणखी पाऊण तासच!" अशी विनवणी झाली. दोघा-तिघांच्या डोळ्यांत पाणी आले. आमचेही मन डळमळले, हे कबूल करावयास हवे. तरीही आम्ही फिरलो.

पुढे एका पालकांनी बोलून दाखविले की, किल्ला न दाखविता मुलांस उगीच दमविले. किल्ला राहिला हे खरे. परंतु मुले काहीच न पाहता आली, हे आम्हांस मान्य नाही. आपल्या पायांत बळ किती, पाणी किती पुरते, उतरण चढणीहून गुडघ्यांस जड का जाते, हे त्यांनी स्वतःच्या देहाने जाणले. शिखर दिसत असता मागे फिरणे हा पराभव, असे ज्याच्या मनात लहानपणीच ठसते, त्याची आम्हांस मोठेपणी काळजी वाटते. हिमालयात अनुभवी गिर्यारोहकही परतीची वेळ आधी ठरवितात, आणि ती मोडल्याने अनेकांनी प्राण गमाविले आहेत. एव्हरेस्टवर 1996 च्या मे महिन्यात जे घडले, त्यात उशिरा शिखर गाठणे हे एक कारण होते. तेथे तर चढणारे कसलेले होते. आमच्या पोरांची काय कथा!

माघात आम्ही पुन्हा गेलो, या वेळी पहाटेच निघून. अकराच्या आत मुले तटावर होती. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, इकडे तुमसरचा धानाचा मुलूख. याच तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत, हे भूगोलात घोकलेले वाक्य तेथे उभे राहून म्हणताना निराळेच वाटते.

हा किल्ला पुढे नागपूरकर भोसल्यांकडे आला व त्यांनी त्याची बंदिशाळा केली. आतल्या विहिरीचे साचलेले, विषारी पाणी बंदिवानांस पिण्यास देत व त्यातच त्यांचा अंत होई, असे सांगतात. हे ऐकून मुले गप्प झाली. मग टाच सोललेल्या त्याच मुलाने विचारले, "सर, म्हणजे ते लोक खाली कधी उतरलेच नाहीत?" आम्हांस लागलीच उत्तर सुचले नाही. ज्या चढणीवरून परत फिरलो म्हणून आम्हांस दोष आला, त्याच चढणीवरून परतण्याची मुभा त्या अभाग्यांस नव्हती, हे आमच्या ध्यानी त्या मुलाने आणून दिले.

येत्या हिवाळ्यातही अंबागडास जावयाचे आहे. एक वाजण्याचा नियम कायम राहील. प्रत्येकाने दोन बाटल्या पाणी घ्यावे, आणि पालकांस विनंती की त्या दिवसासाठी मुलांस नवे जोडे घेऊन देऊ नयेत.