कठडा हवा, उपदेश नको

संगणकाच्या धंद्यात एक दैवत आहे. त्याचे नाव 'सावध कारागीर'. हा कारागीर म्हणे कधी मोजमाप चुकत नाही, कधी पेंगत नाही, कधी काही विसरत नाही. जगात कोठे संगणक कोसळले, इस्पितळांचे काम थांबले, बंदरात माल खोळंबला, की या दैवताचे पुजारी पुढे होतात आणि सांगतात, "लिहिणारा गाफील राहिला, म्हणून हे झाले!" मग त्या एका जागी ठिगळ लावले जाते, लिहिणाऱ्याला चार शब्द सुनावले जातात, आणि पुढच्या अपघातापर्यंत सारे कसे शांत! आमचे म्हणणे असे आहे की हे दैवत खोटे आहे, त्याच्या पूजेची किंमत जग निदान पस्तीस वर्षे मोजीत आले आहे, आणि ती पूजा आता थांबली पाहिजे.

दिवाळीच्या अंकात हा रुक्ष विषय कशाला, असे एखाद्या वाचकाच्या मनात येईल. त्याला आमचे उत्तर एवढेच, की तुमच्या घरातला मोबाइल, कोपऱ्यात लुकलुकणारी वायफायची पेटी, बँकेतल्या टेबलावरचा संगणक, ही सारी यंत्रे रात्रंदिवस परक्यांनी धाडलेली पाकिटे उघडीत असतात. ती घेण्याचे व उघडण्याचे काम यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टीमकडे असते, आणि साऱ्या घराच्या किल्ल्याही तिच्याच कमरेला असतात. तिचा हा भाग कसा बांधला आहे आणि मोडला तर कसा दुरुस्त केला जातो, हा प्रश्न आता तज्ज्ञांच्या बैठकीपुरता राहिलेला नाही.

प्रथम दोष कसला, ते पाहू. संगणकाची स्मृती म्हणजे एक लांबच लांब चाळ समजावी. प्रत्येक खोलीला क्रमांक आहे. प्रोग्रॅमला काही ठेवावयाचे असले की तो लागतील तेवढ्या खोल्या मागून घेतो आणि काम झाले की परत करतो. या चाळीत दोन प्रकारचे अतिक्रमण घडते. पहिले असे, की आठ खोल्या घेतलेल्या भाडेकरूचे सामान दहा खोल्यांचे निघते, आणि तो ते नवव्या-दहाव्या खोलीत, शेजाऱ्याच्या संसारावर, खुशाल लोटून देतो. दुसरे अधिक कपटी. भाडेकरूने खोली सोडली, पण एक किल्ली खिशात राहिली. तेथे नवे बिऱ्हाड आले. हा गृहस्थ मात्र जुन्या सवयीने कुलूप उघडून आत शिरतो आणि तेथे मांडलेले सामान आपलेच समजून वापरू लागतो.

एरवी अशा चुकीने यंत्र बंद पडते, आणि तेवढ्यावर भागते. परंतु जाळ्यावरून येणाऱ्या पाकिटांची गोष्ट निराळी. तेथे सामान किती आणि कसले, हे पाठविणारा ठरवितो. पाकिटावर 'आत दोन पाने' असे लिहून आत दहा कोंबणारा मनुष्य वेंधळाच असेल असे नाही, तो पक्का भामटाही असू शकतो. शेजारच्या खोलीत नेमके काय जाऊन पडावे याचा हिशेब करूनच तो पाकीट धाडतो. तेथे पडलेला कागद मालकाचा हुकूम म्हणून वाचला गेला, की घर त्याचे झाले!

या चाळीला रखवालदार का नाही? कारण ती ज्या भाषेत बांधली, त्या भाषेने तो ठेवलाच नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी 'सी' ही भाषा घडविली, आणि १९७३ मध्ये युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम तिच्यात नव्याने लिहिली गेली. त्या वेळी यंत्रे दुबळी होती, स्मृती महाग होती, आणि पाकिटे पाठविणारे बहुधा एकमेकांच्या ओळखीचे होते. रखवालदाराचा पगार वाचविणे त्या काळी शहाणपणाचेच होते. आमची तक्रार रिची यांच्याविरुद्ध नाही. ती आहे पुढच्या पन्नास वर्षांविरुद्ध. विंडोज आणि लिनक्स यांचे गाभे अजूनही बव्हंशी याच भाषेत आणि तिच्याच कुळात आहेत.

पुढे काय झाले, ते इतिहासाला विचारा. १९८८ च्या नोव्हेंबरात रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याने सोडलेला एक प्रोग्रॅम किड्यासारखा पसरत गेला आणि हजारो संगणक त्याने जायबंदी केले. त्याची एक वाट युनिक्सच्या 'फिंगर' नावाच्या सेवेतून जात होती. त्या सेवेने येणाऱ्या मजकुरासाठी ५१२ बाइटांची जागा राखली होती, आणि किड्याने पाठविले ५३६. मजकूर आत घेणाऱ्या 'गेट्स' या सोयीला जागा किती आहे हे विचारण्याची पद्धतच ठाऊक नव्हती. फिंगर सेवा लगोलग दुरुस्त झाली. पण 'गेट्स' ही सोय सी भाषेच्या प्रमाणग्रंथातून निघाली केव्हा? २०११ साली! ज्या पायरीवरून सारा गाव घसरला, ती पायरी उखडायला तेवीस वर्षे लागली. या तेवीस वर्षांत सावधपणाचे उपदेश किती झाले असतील, याची गणती कोण करणार?

१९९६ मध्ये दुसरी गंमत उघडकीस आली. नियमाप्रमाणे एका पाकिटाची कमाल लांबी ६५,५३५ बाइट. मोठे पाकीट तुकडे करून पाठविता येते आणि पलीकडे ते तुकडे पुन्हा जोडले जातात. कोणीतरी शेवटचा तुकडा असा धाडला, की जोडणी त्या मर्यादेपलीकडे गेली. कित्येक कंपन्यांच्या ऑपरेटिंग सिस्टीम त्या एका पाकिटाने कोलमडल्या. निरनिराळ्या कारागिरांनी निरनिराळ्या ठिकाणी बसून तीच चूक केली होती. मग तो एकेकट्याचा निष्काळजीपणा कसा म्हणावयाचा?

आणि २०१७ साल तर पुष्कळांना आठवत असेल. विंडोजमध्ये जाळ्यावरून फायली देण्या-घेण्याची एक जुनी व्यवस्था होती. तिच्यात ३२ बिटांची एक लांबी बदलताना फक्त १६ बिटांपुरती बदलली जात होती. झाले, हिशेब चुकला आणि सामान शेजारच्या खोलीत गेले. १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' आला आणि इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील २३६ संस्थांपैकी निदान ८० संस्थांच्या कामात त्याने व्यत्यय आणला. २७ जूनला 'नॉटपेट्या' आला. त्याने याच भगदाडाचा आणि जोडीला चोरलेल्या पासवर्डांचा उपयोग केला. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि आपल्या न्हावा-शेव्याच्या बंदरात तिच्या समूहाकडे असलेल्या धक्क्यावरचे काम अडून बसले. १६ बिटांची चूक कोठली आणि उरणच्या रस्त्यावर खोळंबणारा माल कोठला!

यावर पुजारी म्हणतात, "दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, ज्यांनी ती घातली नाही त्यांचा दोष." त्यात तथ्य आहे, ते आम्ही नाकारीत नाही. परंतु हेही पुन्हा सावधपणाचेच स्तोत्र झाले. आधी लिहिणाऱ्याने सावध असावे, मग वापरणाऱ्याने सावध असावे. ज्याने विहीर उघडी ठेवली, त्याला मात्र कोणी काही विचारू नये!

दुसरा युक्तिवाद असा, की खरोखर कसबी माणूस असल्या चुका करीत नाही. लिनक्सचे उदाहरण घ्या. तिचा जाळ्याचा भाग जगातले नाणावलेले कारागीर लिहितात आणि एकमेकांचे लिखाण कसून तपासतात. तरीही त्यातल्या 'डीसीसीपी' नामक विभागात सोडलेल्या खोलीत पुन्हा शिरण्याचा दोष २००५ पासून २०१७ पर्यंत सुखाने नांदला. त्याच्या जोरावर यंत्राचा साधा वापरणारा यंत्राचा धनी होऊ शकत होता. तो सापडला 'सिझकॉलर' या प्रोग्रॅममुळे, जो न थकता वेड्यावाकड्या मागण्यांचा भडिमार करून दोष उकरतो. अकरा वर्षे माणसांना दिसले नाही, ते यंत्राने दाखविले.

याच लिनक्समध्ये पाकीट वाचण्यापूर्वी 'एवढे बाइट खरोखर हाताशी आहेत ना?' असे विचारण्याची उत्तम सोय आहे. पण विचारावयाचे की नाही, हे लिहिणाऱ्याच्या स्मरणावर! आणि विचारले, तर कधी कधी मजकूर दुसऱ्या जागी हलविला जातो आणि आधी टिपून ठेवलेला पत्ता बाद होतो. म्हणजे जो विचारायला विसरला तो पडला, आणि जो विचारून जुना पत्ता टाकायला विसरला तोही पडला! अशा जागी माणसाला सावधपणा शिकविणे ही शुद्ध थट्टा आहे. चाळीच्या गॅलरीला कठडा असतो, तो काय तिथली माणसे बेसावध म्हणून? कठड्यावाचून चौथ्या मजल्यावर पोरे वाढवून दाखवा, असे कोणी आईला सांगितले तर आपण त्याला शहाणा म्हणू काय?

तिसरा युक्तिवाद वेगाचा. प्रत्येक वेळी खोली मोजत बसलो तर यंत्र मंद होईल. याचे उत्तर टोनी होअर यांनी १९८० सालीच ट्युरिंग पारितोषिकाच्या भाषणात देऊन ठेवले आहे. त्यांनी इंग्लंडमध्ये अल्गोल भाषेचे जे साधन बांधले, त्यात प्रत्येक वेळी सीमा तपासली जाई. पुढे गिऱ्हाइकांना विचारले, की वेगासाठी ही तपासणी बंद करण्याची सोय देऊ का? सर्वांनी एकमुखाने नको म्हटले. चुका किती होतात हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. १९६० च्या दशकातल्या दुबळ्या यंत्रांवर जे परवडले, ते आजच्या यंत्रांवर परवडत नाही, हे कोणाला पटावे?

राहिला शेवटचा आक्षेप. कोट्यवधी ओळी लिहून झाल्या आहेत, त्या सगळ्या मोडून पुन्हा कोण लिहिणार? कोणीच नाही, आणि तशी गरजही नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले, की ती वर्षानुवर्षे ज्या सुरक्षादोषांची दुरुस्ती करते, त्यांतले सुमारे ७० टक्के याच जातीचे असतात. अँड्रॉइडमध्ये २०१९ साली हे प्रमाण ७६ टक्के होते, ते २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आले. जुने सारे मोडून नव्हे, तर नवे लिखाण रस्टसारख्या सीमा राखणाऱ्या भाषांत करण्यावर भर देऊन. लिनक्सनेही २०२२ च्या डिसेंबरात रस्टला आपल्या गाभ्यात प्रवेश दिला. रस्ट म्हणजे काही अमृत नव्हे. तिच्यातही पहारा उठवून काम करता येते. मात्र तेथे तशी पाटी लावावी लागते. मग दोष शोधणाऱ्याला साऱ्या चाळीऐवजी आधी पाटीच्या खोल्या तपासता येतात.

तेव्हा आमची मागणी स्पष्ट आहे. पाकिटे उघडणारे नवे लिखाण पहारा नसलेल्या भाषेत होऊ नये, आणि झालेच तर का, याचा जाब लिहून द्यावा. जुन्या लिखाणातला प्रत्येक दोष दुरुस्त करताना ठिगळ लावून उठू नये. तोच दोष शेजारच्या दहा जागी आहे काय ते पाहावे, तो पुन्हा आला तर ओरडेल अशी चाचणी मागे ठेवावी, आणि ज्या सोयीमुळे चूक घडली ती सोयच बदलावी. कोणी चुकले याची चौकशी कमी करा. चुकणे शक्य का झाले, ते विचारा.

आणि वाचकहो, आपल्या हातीही थोडे आहे. या दिवाळीत नवा मोबाइल किंवा वायफायची पेटी घरात आणाल, तेव्हा किमतीबरोबर दुकानदाराला आणखी एक प्रश्न टाका: याला दुरुस्त्या किती वर्षे मिळणार? उत्तर नसेल तर दुसरे दुकान गाठा. गिऱ्हाईक कठडा मागू लागले, की बांधणाऱ्यालाही कठड्याचा खर्च परवडू लागतो.